ढोमणे काका आणि टीव्हीवरचा परका

ढोमणे काका टीव्ही म्यूट करून, खाली येणारी अक्षरं वाचत बघतात. "आवाज ऐकला की माणूस फसतो," असं त्यांचं म्हणणं. एडिसन गावात आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्याच मजल्यावर राहतात. मूळचे नागपूरचे, पण गेली तीस वर्षं अमेरिकेत, त्यातली बरीच पाणी तपासायच्या एका लॅबमध्ये. तिथून रिटायर झाले तरी तपासणं काही सुटलं नाही. शेजारच्या गोऱ्या बाईंनी घरचे टोमॅटो वाटले, तेव्हा काकांनी मला जिन्यात गाठलं. "तुला किती दिले?"

"चार."

"मला सहा." काका गंभीर झाले. "काहीतरी आहे यात."

काकू मुलीच्या बाळंतपणासाठी टेक्ससला गेल्या आणि काकांचा सगळा संशय एकाच माणसावर एकवटला. दुपारच्या टॉक शोला नवा होस्ट आला होता, ऑस्ट्रेलियाचा. देखणा, हजरजबाबी, तिकडे म्हणे फार गाजलेला. इथे मात्र तो कोणालाच आवडेना. माझ्या ऑफिसात त्याचा विषय निघाला की लोक नाक मुरडायचे, पण का ते कोणाला सांगता यायचं नाही. काकांना यायचं.

"बघ," एका रविवारी त्यांनी रेकॉर्ड केलेला शो मध्येच थांबवून मला दाखवला. "समोरच्या बाईचं उत्तर संपलं नाही, अन् हा आधीच मान हलवून राहिला आहे. जोक केला की लगेच लोकांकडे बघतो, रिझल्ट बघायला आल्यासारखा. अन् अमेरिकेचं कौतुक किती! पाहुणा घराचं एवढं कौतुक करायला लागला की यजमान चांदीचे चमचे मोजतो. याला नक्की काहीतरी हवंय."

"त्याला फक्त लोकांना आवडायचं असेल, काका."

"फक्त?" म्हणाले, आणि माझ्याकडेच संशयाने बघत राहिले.

शोच्या शूटिंगचे पास फुकट मिळतात हे कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. "फुकट? म्हणजे हसणारे भाड्याने आणतात. चल, बघूनच येऊ."

आम्ही ट्रेनने न्यूयॉर्कला गेलो. स्टुडिओत एका माणसाने आम्हाला टाळ्या कशा वाजवायच्या ते शिकवलं. काका हाताची घडी घालून बसले. थोड्या वेळाने होस्ट प्रेक्षकांत उतरला आणि नेमका काकांपाशी थांबला. तुम्ही कुठले?

"एडिसन."

आणि त्याआधी?

"मेटुचेन."

म्हणजे एडिसनच्या शेजारचंच गाव. लोक खो खो हसले. त्या दिवसातला तो सगळ्यात मोठा हशा, आणि तो होस्टचा नव्हता. तोही हसला, पण जरा उशिरा. मग स्टेजवर जाऊन त्याने आपल्या वडिलांचा आणि गावच्या सलूनचा काहीतरी किस्सा सांगितला. संपला. कोणी हसलं नाही. समोर टाळ्यांची खूण करणारी पाटी पेटली, तरी नाही. तो हात पुढे करून तसाच उभा राहिला.

त्या शांततेत एकच माणूस मोठ्याने हसला. माझ्या शेजारचा.

परतीच्या ट्रेनमध्ये मी विचारलं, "काका, तुम्हाला कळला तो जोक?"

"अजिबात नाही."

"मग?"

काका खिडकीकडे वळले. "लॅबमध्ये नवीन होतो तेव्हा मीटिंगमध्ये मी एक जोक केला होता. बारा माणसं होती. एकानेही हूं की चूं केलं नाही. साहेबांनी 'ओके' म्हणून पुढचा कागद घेतला. मग नाही केला परत."

"तीस वर्षांत?"

"इंग्रजीत नाही केला."

मी म्हटलं, मला सांगा. आधी त्यांनी नाही नाही केलं. मग सांगितला, मराठीत, नागपुरी हेल काढून, हात नाचवत. जोक खरंच चांगला होता. समोरच्या सीटवरची बाई वळून बघेल इतकी मी हसले.

काका सरसावून बसले आणि म्हणाले, "दुसरा ऐक."