मारेगावपर्यंत वल्हवत

सेल साधे घ्यायचे की रिचार्जेबल, एवढाच प्रश्न होता. दुसरा कोणी तो दुकानासमोर उभ्या उभ्या सोडवून चहा प्यायला गेला असता. पण धर्मपाल खोब्रागडे यांनी पांढरकवड्याच्या एका सरकारी कचेरीत, रेकॉर्ड शाखेत अठ्ठावीस वर्षं काढलेली. साधी गोष्ट साधेपणानं करायची सवय त्या शाखेत माणसाला राहत नाही.

सेल हवे होते रोइंग मशीनच्या मीटरला. हे मशीन म्हणजे बिनपाण्याची होडी. घसरत्या पाटावर बसायचं, दोरी लावलेला दांडा छातीपर्यंत ओढायचा, आणि एकूण किती मीटर वल्हवलं ते समोरचा छोटा स्क्रीन सांगतो. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरांकडून धर्मपालांनी ते पोट कमी करायला घेतलं होतं. (पोटानं या खरेदीची अजून दखल घेतली नव्हती.) त्यांची आई रुखमाबाई त्याला डोंगा म्हणायची आणि त्यावर टॉवेल वाळत घालायची.

पैज लागली ती बायकोशी. ममताबाईंच्या भावानं, अश्वजितनं, मारेगावला नवं घर बांधलं होतं, आणि चार महिने झाले तरी जावईबापूंचे पाय तिकडे वळले नव्हते. अश्वजित पाहुण्याला गच्चीवरच्या टाकीपासून न्हाणीच्या टाइल्सपर्यंत सगळं दाखवायचा आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "भाऊजी, तुमचं कधी?" धर्मपाल अजून भाड्याच्या घरात होते, आणि हा प्रश्न त्यांना फार लागायचा.

"माह्या व्यायामात खंड पडन," ते ममताबाईंना म्हणाले.

"टॉवेल वाळू घालाले किती व्यायाम लागते?"

"म्हणशील त मारेगावपर्यंत वल्हवून दाखवतो."

"दाखवा मंग. पंधरा दिवसांत तेवढं भरलं त तुमी घरीच राहा. नाही भरलं त माह्यासंग आठ दिवस मारेगावले चला."

धर्मपालांनी लगेच फुलस्केप कागद काढला. अंतर चाळीस किलोमीटर धरण्यात आलं. कलम तीन असं होतं: 'अंतर स्क्रीनवरील आकड्यावरूनच ग्राह्य धरले जाईल, तोंडी दावा विचारात घेतला जाणार नाही.' ममताबाईंना मुळात कागदच नको होता. पण ज्याची नोंद नाही ती गोष्ट घडलीच नाही, अशी धर्मपालांची श्रद्धा होती, आणि खाली त्यांनी तारखेसह सही केली.

मग ते पूनमसिंगच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले.

"साधे न्या साहेब," पूनमसिंग म्हणाला. "वर्षभर पाहाचं काम नाही."

"वापरून फेकून द्यायचं, हे काय खरं हाये? रिचार्जेबल दे."

"ते सव्वा व्होल्टचे असतेत, साधे दीडचे. मीटरले वाटते का सेल मरून राह्यले. अन् ठेवल्या जागी उतरते बी."

"मले नको शिकवू. मी बारावी सायन्सले होतो." (किती वेळा होतो, ते पूनमसिंगनं विचारलं नाही.)

पहिल्याच दिवशी स्क्रीनच्या कोपऱ्यात रिकाम्या सेलचं चित्र लुकलुकायला लागलं. धर्मपालांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. रेकॉर्ड शाखेत तक्रारींचा निपटारा साधारण असाच होई.

पण खोटं कशाला बोला, माणूस वल्हवत मात्र होता. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, बनियन घामानं चिंब. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आज वाटेवरलं करंजी गाव मागं टाकलं." ऑफिसातही रोजचा मुक्काम कळवला जाऊ लागला. बाराव्या दिवशी ममताबाईंचा चेहरा उतरला. भावाला 'आमी दोघं येतो' म्हणून शब्द दिलेला, आणि हे तर खरंच पोचायला आले. त्या संध्याकाळी त्या भाजीत मीठ घालायला विसरल्या, आणि धर्मपालांनी ती मोठ्या मनानं खाल्ली.

तेराव्या दिवशी ३८,६१० वर स्क्रीन विझला.

धर्मपालांनी दांडा तिथल्या तिथं सोडला. नोंद न होणारा एकही हात मारायला ते तयार नव्हते. सेल काढून चार्जरला लावले, दुपारभर ऑफिसात शीळ घातली, आणि संध्याकाळी सेल परत बसवले. स्क्रीन झकास उजळला. आकडा होता शून्य.

"सेल काढले का हिशोब पुसल्या जाते साहेब," पूनमसिंग फोनवर म्हणाला. "साधे टाकले असते त काढाचं कामच नव्हतं."

उरलेल्या दोन दिवसांत धर्मपालांनी मारेगावला पोचणं शक्य नव्हतं. कंबर धरल्यामुळे ते मोरीपर्यंतही जेमतेम पोचत होते. पंधराव्या दिवशी त्यांनी तोंडी दावा मांडला.

"मी अडतीस हजार मारले, तुले माहीत हाये."

"मले माहीत हाये," ममताबाई म्हणाल्या. "कलम तीनले माहीत नाही."

"मा, तू सांग," धर्मपाल आईकडे वळले. "तू रोज याच खोलीत बसत होती. मी डोंगा चालवला का नाही?"

"चालवला ना बाप्पा, मी कायले खोटं बोलू," रुखमाबाई म्हणाली. "पंधरा दिवस हाकून राह्यला. पण उठला का तिथंच होता."

साक्ष संपली. धर्मपालांनी शेवटचा पत्ता टाकला. "हे पाय ममता, रजा भेटणार नाही. तपासणी तोंडावर हाये. मी आठ दिवस नसलो त शाखा बंद पडन."

"साहेबाले मी सकाळीच फोन केला. रजा मंजूर हाये."

धर्मपालांना हे अपमानास्पद वाटलं. "अशीच मंजूर? फायली कोण काढन, येवढं बी विचारलं नाही?"

"तेच म्हणाले ना," ममताबाई पिशवीत त्यांचा पायजमा घालत म्हणाल्या. "मागं तुमी तापानं पडले, तवा दोन वरसं हरवलेल्या तीन फायली सापडल्या. बाकीच्या आठ दिवसांत नाही सापडणार म्हणे, महिनाभर ठेवून घ्या."