कलगोंडा अण्णांच्या गीझरची सफाई

कोणतेही काम सुरक्षितपणे करायचे असेल, तर ते न करणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय. सरकारी कचेरीत चौतीस वर्षे काढून निपाणीत निवृत्त झालेल्या कलगोंडा अण्णांना हे तत्त्व तोंडपाठ होते. त्यामुळे बोअरच्या जड पाण्याने घरच्या गीझरात क्षार साचले आणि तो तापताना पोट बिघडल्यासारखा गुरगुरू लागला, तेव्हा अण्णांनी घाई केली नाही. नोटीस काढली.

नोटीस मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत होती. (गीझर कोणत्या भाषेत गुरगुरतो, हा प्रश्न प्रलंबित आहे.) वीज बंद करावी, पाणी पूर्ण निवू द्यावे, आत येणारे पाणी बंद करून गरम नळ उघडा ठेवावा, मग खालचे बूच काढून गाळ बादलीत सोडावा. सूचना निर्दोष होत्या. फक्त हे करायचे कोणी, ते कलम राहून गेले होते.

वीज अण्णांनी जातीने बंद केली. मग पाणी निवले का, हे पाहायला रोज दोनदा टाकीवर हात ठेवू लागले. तिसऱ्या दिवशी वहीत शेरा पडला : 'समाधानकारक, तथापि निरीक्षण चालू.' तोवर घरातली चार माणसे गार पाण्याने अंघोळ करत होती. (पैकी दोघे नुसते तसे सांगत होते.)

"मामा, आज तरी?" सून दीप्ती शिंकत म्हणाली.

"घाई म्हंजे अपघात गं."

चौथ्या दिवशी अण्णा बाजाराला गेले आणि त्यांच्या पत्नीने, राजमतीने, पदर खोचला. अर्ध्या तासात पाऊण बादली पांढरा गाळ काढला, गार पाणी दोनदा खेळवून टाकी धुतली, बूच घट्ट बसवले. तेवढ्यात अण्णा परतले. मंजुरीविना काम झालेले पाहून त्यांना वाईट वाटले. मात्र झालेच आहे तर उद्घाटन आपल्या हस्ते व्हावे, म्हणून त्यांनी स्विचकडे हात नेला.

"आवो, थांबा! टाकी रिकामी हाय! कॉईल जळंल की!"

हात हवेतच राहिला. हे नोटिशीत नव्हते. राजमतीने पाण्याची चावी सोडली. गरम नळ आधी फुसफुसला, मग सलग धार धरली.

"व्हय, आता दाबा."

अण्णांनी दाबले. गीझर मुकाट्याने तापू लागला. अण्णांनी हे यश आपल्या नोटिशीच्या नावावर जमा केले.

वाचक अण्णांना हसतील, हे उघड आहे. त्यांतल्या शंभरांपैकी सत्त्याण्णवांना गीझरला खाली बूच असते, हे आत्ताच कळले आहे. (उरलेले तिघे प्लंबर, त्यांच्या घरचा गीझरही गुरगुरतोच.)