खोकल्याचं वेळापत्रक

आमच्या ईट गावातले बाबूअण्णा तुम्हाला भेटले तर ‘बरं हाय का’ असं विचारणार नाहीत. ‘खोक बघू एकदा’ म्हणतील. तुम्ही खोकलात की डोळे मिटून, कान पुढं करून ऐकतील आणि तिथंच निकाल देतील.

अण्णांनी उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. तिकीट न काढता गर्दीत दडलेला माणूस आपण नुसत्या खोकल्यावरून हुडकायचो, असा त्यांचा दावा. त्यामुळं खोकल्यांची नावंही सगळी स्टँडवरची. खडखडत, दम टाकत येणारा तो ‘लाल डबा’. चेहरा लालबुंद झाला तरी न थांबणारा ‘विनाथांबा’. लाल डब्याला कोमट पाणी पाजायला सांगत. विनाथांबा ऐकला की लेकराच्या आईला तिथंच उठवत. “उतरा खाली. सरळ दवाखाना!” एकदा एका आजीनं चार महिन्यांच्या नातवाला मध चाटवायची गोष्ट काढली, तर अण्णा एवढे ओरडले की बाळ खोकायचं विसरलं. “वरसाच्या आत मध न्हाय म्हंजे न्हाय!”

मला या माणसाचा भयंकर संताप यायचा. मी आरोग्यावर पत्रकं लिहिते, छापून आणते आणि दारोदार वाटते. ‘खोकल्यावर अंदाजपंचे इलाज करणाऱ्यांना जाब विचारा!’ हे पत्रक तर मी अण्णांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं होतं आणि पहिली प्रत त्यांच्याच हातात दिली. अण्णांनी ती उलटी केली.

“मागनं कोरं हाय की. असले अजून हायत का?”

मी रागारागात जुन्या पत्रकांचा उरलेला गठ्ठाच त्यांच्यापुढं आदळला. म्हटलं, कधीतरी पुढची बाजू वाचतील.

त्याच सुमारास माझी पुतणी अन्वी खोकायला लागली. वय अडीच वर्षं. सर्दी गेली, खोकला राहिला. गावातल्या डॉक्टरांची दोन औषधं झाली, तीन आठवडे होत आले. घरात कुणीतरी ‘बाळदमा’ हा शब्द काढला आणि वहिनीचं जेवणच सुटलं. माझ्या माघारी ती पोरीला घेऊन अण्णांकडं गेली. कळल्याबरोबर मी पाठोपाठ पोचले.

“अण्णा, तुम्ही डॉक्टर आहात का?”

“न्हाय.”

“मग लेकराला हात का लावता?”

“हात कुठं लावला? कान लावला.” मग वहिनीकडं वळून म्हणाले, “पर दुपारी कायच कळंना. पोरगी खोकतच न्हाय. उद्या घरी येतो.”

आले. सलग चार दिवस आले. सकाळपासून रात्रीपर्यंत आमच्या अंगणातल्या बाजेवर बसायचे. मांडीवर माझंच पत्रक उलटं ठेवलेलं, हातात पेन, समोर घड्याळ. अन्वी खोकली की लिहायचे. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, “ड्युटीवर हाय.” चौथ्या दिवशी कागद वहिनीच्या हातात दिला.

“ही मुक्कामी गाडी हाय, पोरी. दिवसभर पत्ता न्हाय, दिवे लागले की हजर. हे घेऊन तालुक्याला, भूमला लेकरांच्या डॉक्टरकडं चला. गाडी कवा येती ते म्या सांगितलं. का येती, ते त्यांनी सांगायचं.”

भूमला आम्ही तिघी आणि अण्णा. डॉक्टरांनी अन्वीची छाती तपासली, श्वास मोजले, वजन घेतलं. मग ते वेळापत्रक बघितलं. सगळ्या नोंदी संध्याकाळी साडेसहा ते आठ.

“या वेळेला घरात काय असतं? धूर वगैरे?”

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी सहज कागद उलटा केला. पुढं ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘डास हटवा! दिवेलागणीला दारं-खिडक्या लावून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा!’

“हे कुणी लिहिलंय?” डॉक्टरांनी विचारलं.

गावात जबाबदार कोण, असं विचारत हिंडणारी मी वजनकाट्याकडं बघत उभी राहिले. वहिनी बिचारी माझ्याच सांगण्यावरून रोज धुपाटणं पेटवत होती आणि धूर वाया जाऊ नये म्हणून दाराला फडकं लावत होती. सर्दीनं पोरीचा घसा आधीच नाजूक झाला होता, त्यात हा धूर. डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा, मच्छरदाणी लावा, आठवड्यानं दाखवा. धाप लागली तर लगेच आणा.

स्टँडवर मी अण्णांना गाठलं. “तुम्हाला धूर दिसला नव्हता का?”

“दिसला की. पर तू माझं ऐकली असतीस व्हय, पत्रकबाई?”

दहा दिवसांत अन्वीचा खोकला गेला. ते सांगायला मी संध्याकाळी अण्णांकडं गेले. घरात एकटेच. भिंतीवर अजून एक पत्रक उलटं चिकटवलेलं. सात वाजून पाच, सात वाजून दहा, सात वाजून पाच... पंधरा दिवसांच्या नोंदी आणि मग कोरा कागद.

“हा कुणाचा?”

“नातवाचा. पुण्याला असतोय. रोज साताला फोन लावून खोकून दाखवायचा. आजोबा, कोणची गाडी? आजोबा, आता कोणची?” अण्णा हसले. “मागल्या महिन्यात झाला बरा.”

“मग फोन?”

“कशाला करल? गाडी बंद झाली. चांगलंच झालं की.” एवढं बोलून त्यांनी चार्जिंगला लावलेला फोन काढला, आवाज मोठा आहे ना ते बघितलं आणि समोरच्या स्टुलावर ठेवला. सातला पाच मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी बरोबर साताला मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी एक शब्द न बोलता जोरात खोकले.



“ही गाडी डेपोतनं सुटलेलीच न्हाय, पत्रकबाई,” अण्णा म्हणाले. मग कागद सरकल्याचा आवाज आला. “पर लिहून ठेवतो. सात वाजून एक मिनिट. उद्या बघू, वेळेवर येती का.”