वीस फूट वायर न एक बटन

सांगून ठेवतो भाऊहो, कॅमेऱ्याचं रिमोट घरी बनवाले डोकं लागते, न ते आपल्यापाशी आहे! जुन्या इअरफोनची बारीक पिन, वीस फूट वायर, न टोकाले दारावरच्या बेलचं बटन. व्हिडिओ पाहून जोडलं. बटन दाबलं का तिकडं कॅमेरा खटाक!

काहून बनवलं? अंगणातल्या निंबूच्या झाडाले शिंजिरानं खोपा बांधला. अंगठ्याएवढा पक्षी, न नखरे नवरदेवाच्या फुफाजीवानी! मी जवळ गेलो का फुर्र! मले पिलाले चारतानाचा फोटो पाह्यजे होता. दिग्रसच्या पक्षी-फोटो स्पर्धेची उद्या शेवटची तारीख, न पिलं आज-उद्या उडनार. फोटो काढनच, ठरवलतं!

कॅमेरा झाडापाशी स्टँडवर लावला, फोकस खोप्यावर पक्का केला. वायर ओसरीत आणून बटन दाराच्या चौकटीले टेपनं चिकटवलं. सकाळी सातपासून तिथंच बसलो. आठ वाजले, नऊ वाजले, पक्षी काही येईना! दहाले पोटात अशी कळ आली का इचारू नका. आई वावरात गेलती. कुत्रं शिरू नये म्हणून आतून कडी लावली न मांगच्या संडासात पळालो.

बसलो नाही तं समोरून विमलमावशीचा आवाज. ह्या आमच्या शेजारच्या.

"मायबाई! बेल लावली यायनं! रजत, दार उघड रे!"

खटाक. खटाक. खटाक.

"मावशी, दाबू नोका!" मी आतून बोंबललो.

"घरात आहेस तं उघडत काहून नाहीस? अन बेल काहून वाजत नाही बे तुही?"

"थे बेल नोहे!"

"मंग काय टिकली चिकटवली काय चौकटीले?"

तेवढ्यात आमच्या गल्लीचे वायरमन मारोतीकाका आले. "सरक व विमल, मी पाह्यतो." टेस्टर लावला. "करंटच नाही यात! पुन्हा दाब बरं." खटाक! "जोरात दाब!" खटाक! चार घरचे लोक जमले. ज्यानं त्यानं दहा-दहा डाव दाबून पाह्यलं!

मी पायजमा सावरत बाहेर आलो, तवर एकशे श्यांशी फोटो! एकशे पंच्यांशीत नुसता खोपा. पन एकात शिंजीर पिलाच्या चोचीत अळी देऊन राह्यला, पिसन् पिस साफ! एवढ्या गोंगाटात आला बेटा! म्हणजे लोकायले भेत नव्हता, मलेच भेत होता!

"फोटोवरचा टाइम पाह्य बरं," मावशी म्हणाली.

दहा वाजून बारा मिनिटं.

"तवा तं मीच दाबली!"

"टेस्टर माहा होता!" मारोतीकाका.

फॉर्मवर रकाना होता, छायाचित्रकाराचं नाव. दहा मिनिटं पेन धरून बसलो. मावशी समोर खुर्ची टाकून बसली होती, हाललीच नाही. शेवटी लिहिलं, विमलमावशी. खाली अजून एक रकाना, 'छायाचित्र काढताना आलेल्या अडचणी'.

मावशीनं पदर सावरला. "लिही, बटन भंगार होतं."

न म्या लिहिलं, भाऊहो!