क्रमांक एक : गहाळ

"वारसा दिनाच्या दिवशी या इमारतीत बुडावर नंबर नसलेली एक जरी वस्तू सापडली ना, तर त्या क्षणी मी ही खुर्ची सोडीन!"

एल्डन ब्रॅनवोल्डने टेबलावर मूठ आपटून ही घोषणा केली, तेव्हा त्याला टर्नबो काउंटी इतिहास मंडळाचा अध्यक्ष होऊन अकरा मिनिटं झाली होती. निवडून आला होता नऊ विरुद्ध आठ मतांनी. त्यातलं एक मत त्याचं स्वतःचं. बायकोचं मत कुणाला गेलं हे त्याने विचारलं नाही, आणि व्हर्नानेही आपण होऊन सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा संसार असाच टिकतो!

एल्डनने सदतीस वर्षं हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं होतं. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही ती बाटली नव्हे, तो धोका, असं त्याचं मत. घरात मिठाच्या बरणीवर त्याने 'मीठ' असं लिहिलं होतं आणि खाली तारीखही टाकली होती. असा माणूस मंडळाच्या संग्रहालयात, म्हणजे गाड्या बंद झालेल्या त्या जुन्या रेल्वे स्टेशनात शिरला, आणि त्याला भोवळच आली. नांगर, चरखे, घोड्यांचे लगाम, दंतवैद्याची खुर्ची, सगळं होतं, पण यादी? यादी नव्हती!

यादी होती हुल्दाआजी निगार्डच्या डोक्यात. वय एक्याण्णव. एल्डनच्या आधी चौतीस वर्षं अध्यक्ष. "अमुक चरखा कुणाचा?" म्हणून विचारलं की आजी डोळेही न उघडता सांगायची, "लुंडबर्गच्या धाकट्या सुनेचा. सासूशी भांडून आणून दिला." वर आणखी एक दुर्गुण! आजी वस्तू उसन्या द्यायची. शाळेच्या नाटकाला लोणी घुसळायचा रवी-डेरा, कुणाच्या लग्नाला घोड्याची बग्गी. वस्तू परत यायच्या, कधी कधी सोबत केकही यायचा. पण एल्डनला त्या केकमध्ये अराजक दिसायचं.

म्हणून त्याने पहिल्याच सभेत नियम चौदा मंजूर करून घेतला. ज्या वस्तूच्या बुडावर नंबर रंगवला, ती सभासदांच्या ठरावाशिवाय इमारतीबाहेर जाणार नाही. ठरावाला चौदा दिवसांची नोटीस.

"त्यात 'कोणत्याही कारणास्तव' असं घाल," एल्डन म्हणाला.

चिटणीस ऑरिनने ते शब्द कोरीव अक्षरात लिहून खाली रेघ ओढली. ऑरिनने चाळीस वर्षं टपाल वाटलं होतं. लोकांचा कुत्र्यावर जीव असतो, तसा त्याचा नियमांवर.

जून संपला. जुलै-ऑगस्टमध्ये शेतीच्या कामांमुळे मंडळाची सभा भरत नाही. एल्डनने किल्ली स्वतःकडे ठेवली, "सरप्राइज आहे!" असं सांगून दार लावून घेतलं, आणि हातात बारीक ब्रश घेऊन कपाटामागून कपाट सर करत सुटला. वस्तू धुवायची, बूड पुसायचं, नंबर रंगवायचा, कार्ड लिहायचं. दिवसाला वीस वस्तू, रविवारी चर्चनंतर दहा!

अडला तो फक्त एकाच ठिकाणी. तळघरात त्याला मंडळाची १९५८ सालची मूळ नोंदवही सापडली. दोनशे पानांची. त्यात नोंद एकच! 'क्र. १ : दगडी मडकं, निळा पक्षी काढलेलं. १८७१ साली हाउगेन कुटुंबाने बैलगाडीतून आणलं.' पुढची एकशे नव्याण्णव पानं कोरी. एल्डनने सगळं स्टेशन पालथं घातलं, मडकं नाही. मग त्याने हुल्दाआजीचं घर गाठलं.

"आजी, निळ्या पक्ष्याचं मडकं कुठाय?"

"जागच्या जागी."

"कुठली जागा?"

"त्याची."

"खरं सांगा, कुणाला उसनं दिलंत?"

"मी? ते मडकं आणि उसनं? अरे पोरा, बग्गी दिली, डेरा दिला, पण ते मी आजवर कुणाच्या घरी जाऊ दिलं नाही!"

एल्डन परत आला आणि त्याने त्या नोंदीपुढे लाल शाईने लिहिलं, 'गहाळ.' कागदावर तो शब्द अगदी आरोपीसारखा दिसत होता.

सप्टेंबरातला दुसरा रविवार उजाडला. वारसा दिन! सकाळी वाफेच्या इंजिनावर जुनं मळणीयंत्र चालवून दाखवायचं, आणि दुपारी स्टेशनसमोरच्या मांडवात नव्वद माणसांचं मळणीचं जेवण. शेवटी सभासद हात वर करून ठरवणार, अध्यक्ष हाच ठेवायचा की नाही.

मळणीयंत्र झकास चाललं. साडेअकराला बायका पिशव्या, परड्या, पातेली घेऊन स्वयंपाकघराकडे वळल्या. एल्डनने ऐटीत कुलूप काढलं. दार उघडलं. आणि बायका उंबऱ्यावरच थबकल्या!

स्वयंपाकघरात दोरी बांधली होती. दोरीपलीकडे शेल्फांवर काचेची, चिनी मातीची, मुलाम्याची चकचकीत भांडी रांगेत उभी होती. प्रत्येकापुढे कार्ड.

"हा तर माझा मांस भाजायचा रोस्टर!" पहिली बाई ओरडली.

"आणि ते माझं सॅलडचं भांडं! एप्रिलपासून शोधतेय मी!"

आता झालं होतं असं. मंडळाच्या मासिक सभेला प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. रिकामं भांडं धुऊन तिथेच ठेवायचं, पुढच्या महिन्यात उचलायचं, हा साठ वर्षांचा रिवाज. कुणाचं कुठलं हे कळावं म्हणून भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. हे काउंटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एल्डन सभेत भांड्यांच्या फक्त वरच्या बाजूला भेटला होता! बुडाच्या चिकटपट्ट्या त्याने 'अलीकडची घाण' म्हणून सॉल्व्हंट लावून काढल्या होत्या, आणि त्या जागी नंबर रंगवला होता. झाकणांवर वेगळा: ५९१-अ, ५९१-ब.

"एल्डन," व्हर्नाचा आवाज आला. तो आवाज एल्डन ओळखत होता. अशा आवाजानंतर शक्यतो अंगणात काम काढायचं असतं. "पाचशे अठ्ठ्याऐंशी नंबरचं कार्ड जरा मोठ्याने वाचतोस?"

एल्डनने चष्मा सारखा केला. "'आयताकृती काचपात्र. अंदाजे १९४०. वापरणारी स्त्री अज्ञात. आतल्या बाजूस करपलेल्या अन्नाचा मूळ थर शाबूत. दुर्मीळ. थर काढू नये.'"

"मूळ थर!" व्हर्ना म्हणाली. "जूनच्या सभेतली माझी मॅकरोनी आहे ती! भिजत घालून विसरले होते! आणि मी अज्ञात होय रे? चव्वेचाळीस वर्षं त्याच भांड्यातून जेवतोयस!"

बायका अशा हसल्या की शेल्फांवरच्या काचा किणकिणल्या. एल्डनही हसला असता, पण तेवढ्यात ऑरिन पुढे आला. त्याच्या हातात नियमांची वही होती.

"हसण्याआधी एक," ऑरिन म्हणाला. "नियम चौदा. भांडी बाहेर नेता येणार नाहीत."

"अरे, मांडव वीस पावलांवर आहे!" एक बाई म्हणाली.

"इमारतीबाहेर आहे."

"कॉफीचं मोठं भांडं तरी?"

"सातशे दोन."

"ताटल्या?"

"सहाशे अकरा ते सातशे. सगळ्या नव्वद." ऑरिन हे अभिमानानेच म्हणाला. "ठराव करता येईल. आज नोटीस दिली तर चौदा दिवसांनी."

"चौदा दिवसांनी माझं सॅलड कोण खाणार?"

"कोणत्याही कारणास्तव," ऑरिनने वहीवर बोट ठेवलं. "अध्यक्षांचे शब्द आहेत."

बाहेर नव्वद माणसं रिकाम्या टेबलांशी बसून हातातले काटे-चमचे न्याहाळत होती. मळणीचा भुसा अंगावर, पोटात कावळे. एल्डनला आपली खुर्ची डोळ्यांदेखत लांब जाताना दिसू लागली. फलाटावर उभ्या माणसाला सुटलेली गाडी दिसते तशी.

तेवढ्यात दारात हुल्दाआजी उभी राहिली. एका हातात काठी. मागे तिचा पुतण्या, त्याच्या हातात घेवड्याचं भांडं. पांढरा घेवडा, डुकराच्या मांसाचे तुकडे आणि काकवी; शनिवार संध्याकाळपासून मंद ओव्हनमध्ये ठेवलेला. आजीच्या घेवड्याशिवाय मळणीचं जेवण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भांड्याला नेहमीसारखं लोकरीचं जाड विणकाम गुंडाळलेलं.

"काय रे, सुतक आहे का?" आजीने विचारलं.

ऑरिनने तिला नियम वाचून दाखवला. तिने एक हात कानामागे धरला.

"परत वाच. शेवटचं."

"'...इमारतीबाहेर जाणार नाही.'"

"बाहेर जाणार नाही. मग माणसं आत येऊ देत की! माणसांवर कुठे नंबर घातलाय याने? का घातलायस रे एल्डन?"

ऑरिनने वही पुढून पाहिली, मागून पाहिली. मग कबूल केलं, "माणसांबद्दल नियम नाही."

आणि नव्वद माणसं संग्रहालयात शिरली! वर्षभरात तिथे एकेचाळीस जण यायचे, त्यातले सात स्वच्छतागृह विचारायला. आज चरख्याशेजारी ओव्हनमधलं वाफाळतं हॉटडिश वाढलं जात होतं, नांगरावर कोट टांगले होते आणि दंतवैद्याच्या खुर्चीत एक गृहस्थ आडवे होऊन पाय खात होते. म्हणजे आंबट रुबार्बचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ! जेवता जेवता लोक कार्डं वाचत होते आणि चुका काढत होते.

"'घोड्याच्या नालाचा साचा'? अहो, हा आमच्या आजोबांचा बिस्किटं कापायचा साचा!"

"या लगामाचा घोडा मला चावला होता. इथे, बघा!"

एल्डन ताटली बाजूला ठेवून पेन्सिल घेऊन पळत होता. "थांबा, थांबा! घोड्याचं नाव काय? साल कुठलं? कुठल्या हाताला?" त्याच्या चौदाशे कार्डांवर नंबर होते, मापं होती, पण चावणारा घोडा एकाही कार्डावर नव्हता. दोनच्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की आपण उपाशी आहोत आणि कधी नव्हे इतके खूश आहोत.

तो घेवड्याच्या भांड्याकडे गेला. तळाशी एक वाढ उरली होती. त्याने पळी घालून खरवडायला सुरुवात केली, भांडं कलतं केलं, आणि लोकरीचं विणकाम खाली घसरलं.

दगडी भांडं. करडं. त्यावर निळा पक्षी!

एल्डनच्या हातातली पळी तशीच राहिली. बावीस वर्षं! बावीस वर्षं दर सप्टेंबरात तो क्रमांक एकमधून दोन-दोनदा घेवडा घेत आला होता! आणि लाल शाईने त्याने... त्याने हळूच भांडं तिरपं करून बूड पाहिलं. बुडावर नंबर नव्हता. इमारतीत, वारसा दिनाच्या दिवशी, बुडावर नंबर नसलेली वस्तू! आणि त्याची घोषणा सतरा सभासदांनी ऐकली होती.

समोरच्या बाकावर हुल्दाआजी कॉफी पीत बसली होती.

"जागच्या जागी म्हणजे... तुमच्या ओव्हनमध्ये?" एल्डनने कुजबुजत विचारलं.

"मडकं आहे ते. मडक्याची जागा कुठे असते?"

एल्डनने खिशातून ब्रश काढला. शेजारी व्हर्ना उभी होती, तिने त्याचं मनगट धरलं.

"घाल नंबर," ती म्हणाली. "मग ते इथून हलणार नाही. पुढच्या वर्षी घेवडा काय मिठाच्या बरणीत शिजवशील?"

"काही सापडलं का, अध्यक्ष?" ऑरिन वही घेऊन येतच होता.

एल्डन प्रामाणिक माणूस. त्याने तोंड उघडलं. पण आजीने आधी विणकाम वर ओढलं.

"घेवडा संपलाय, एवढंच सापडलं त्याला," ती म्हणाली. "आणि ऑरिन, लिहून घे. भांडी बाहेर न्यायची नाहीत, म्हणजे इथेच घासली पाहिजेत. अध्यक्षच घासतील. पाचशे अठ्ठ्याऐंशीचा थर सोडून!"

तीन वाजता हात वर झाले. सोळा विरुद्ध एक. विरोधातला हात ऑरिनचा. कारण कोट नांगरावर टांगले गेले होते. एल्डनने निकाल स्वयंपाकघरातूनच ऐकला, कोपरापर्यंत फेसात. पुढचे चौदा दिवस बायका आपापल्या भांड्यांना भेटायला येत राहिल्या, आणि आल्या की एखादी गोष्ट सांगून जात राहिल्या.

नोंदवहीची बरीच पानं आता भरली आहेत. पहिल्या पानावर मात्र क्रमांक एकच्या नोंदीपुढे अजून लाल शाईत तेच आहे : 'गहाळ.' फक्त त्यापुढे एल्डनने आपल्या नेटक्या अक्षरात एक ओळ जोडली आहे :

'शोध दर वर्षी सप्टेंबरात, पळीने, तळापर्यंत घेतला जातो.'