शिवेवरचं घर

गणपतनानांच्या बैलगाडीला दार होतं, कडीकोयंड्याचं, अस्सल सागवानी. बाकी तिन्ही बाजूंनी तुराट्यांचा सारवलेला कूड, आत बाज, मडकं आणि मातीची चूल. बैल हाकता हाकता मला तहान लागली, तर धुरेवरून उतरून मागं जायचं आणि कडी वाजवायची. आतून नाना विचारत, "कोन हाये?" लोणारला जाऊन येईतो महिनाभर त्या गाडीवर आम्ही दोघंच होतो, तरी विचारत.

आमच्या गावी, इंझोरीत, आजही सांगतात की लोणारहून परतताना नानांना वेड लागलं आणि ते तीन दिवस गावच्या शिवेवर गाडीत बसून राहिले. सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. नाना येडे नव्हते. वाट पाहत होते. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी बोललो नाही.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाहून आलेला माणूस थेट गावात शिरत नसे. शिवेवर थांबायचं. घरची बाई पाणी आणि भाकरतुकडा घेऊन येई, तुकडा ओवाळून टाकी, पायांवर पाणी घाली, मग घर. नानांनी लग्न केलं नव्हतं. हे सगळं त्यांची वयनी करायची, थोरल्या भावाची बायको. पण सामाईक घराचं मागचं दार काढून नानांनी गाडीला बसवलं आणि भावानं बोलणं टाकलं. बायकोलाही ताकीद दिली. भिंतीला भिंत लागून घरं, पण पाच वर्षं शब्द नाही.

परतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही मंगरूळपीरहून निघणार होतो. तिसऱ्या प्रहरी माझ्या बहिणीचं कुंकू होतं, सोयरीक पक्की व्हायची होती. नानांना ते मालेगावपासून घोकून सांगितलं होतं. मी पहाटेच बैल जुंपले.

"थांब जरा," नाना म्हणाले, "बांगड्या घ्याच्या हायेत."

दुकान उघडेपर्यंत ऊन वर आलं. चुडीवाल्या चाचांनी विचारलं, "माप?" नानांनी स्वतःचं मनगट पुढं केलं.

"मियाँ, ये तो बैल को आयेगी," चाचा म्हणाले.

तिथं घटका गेली. पुढं दोन कोसांवर चाकाला वंगण. मग चहा. चालत्या गाडीत चूल पेटत नाही, म्हणून गाडी उभी. मग एका बाभळीखाली नाना म्हणाले, "सावली चांगली हाये."

"नाना, तुमाले घरी जाचं हाये का नाई?"

"घरातच त हाओ मी."

मी रागानं बैलांवर तुतारी, म्हणजे टोचायची काठी, उगारली, नानांवर उगारता येईना म्हणून. गावची शीव आली तेव्हा सूर्य कलला होता. मी खाली उडी टाकली, तर दार उघडलं. दारात नाना, हातात कागदात गुंडाळलेल्या बांगड्या.

"वामन्या, वयनीले सांगजो, नाना शिवेवर उभा हाये. भाकरतुकडा घेऊन ये म्हना."

"अन् नाई आल्या त?"

"तू सांग त खरं. दिवसभर हेच घोकून राह्यलो मी."

घरी पोचलो तर पाहुणे परत निघाले होते. भावानं द्यायचं पान माझ्या हातून त्यांना मिळालं नाही, वडलांनी सर्वांदेखत माझी पूजा बांधली. वयनींचं दार माझ्या वाटेवरच होतं. मी मुद्दाम पुढं गेलो. माझा दिवस घालवला ना, बस म्हणावं आता शिवेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. कडी वाजवली.

आतून "कोन हाये?" आलं नाही. दार लगेच उघडलं. नानांनी माझ्या मागं पाहिलं.

"सांगतलं?"

"सांगतलं," मी म्हणालो.

त्यांनी बांगड्यांचा कागद पुन्हा नीट गुंडाळला. मग म्हणाले, "कपाशी फुटून राह्यली. वेचनीच्या दिवसात हात कुठं रिकामा असते तिचा."

त्या दिवशी गावानं हसायला सुरुवात केली. लोक कडी वाजवून पळत. तिसऱ्या दिवशी नानांनी मडक्यातलं पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं आणि गावात आले. गाडी पुन्हा कधी निघाली नाही.

नाना गेल्यावर बऱ्याच वर्षांनी वयनी आमच्या ओसरीवर बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तीन दिवस बसला वो तो तिथं. मी रोज पीठ मळून ठेवलं. मालकाचा मार खाल्ला असता, पन गेली असती. एक निरोप नाई धाडला मले त्यानं."

माझ्या हातात सुपारी होती. ती मी कातरत राहिलो.