हंड्यावरचं समुद्रस्तोत्र

जी लिपी कोणालाच वाचता येत नाही, तिच्यावर सर्वांत जास्त लिहिता येतं. याच भक्कम पायावर अवाचित लिपी संशोधन केंद्र एकतीस वर्षं उभं आहे. केंद्राच्या ताब्यात चार हजार वर्षांपूर्वीचा तांब्याचा हंडा असून त्यावर पाच चिन्हं आहेत. त्यांचे आजवर नऊ अर्थ लागले (त्यापायी दोन विद्वानांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं, ते वेगळं).

दहावा अर्थ लिपीबाईंचा. केंद्रात त्यांना सगळे याच नावाने ओळखतात. बाईंच्या मते हे दर्यापार निघालेल्या व्यापाऱ्यांचं समुद्रस्तोत्र होतं. त्यावर त्यांनी वीस वर्षं खपून आठशे बारा पानांचा ग्रंथ लिहिला. दर चिन्हामागे एकशे बासष्ट पानं पडली, उरलेल्या दोन पानांत आभार.

मुखपृष्ठासाठी फोटो काढताना हंडा पडला आणि त्याला पोचा आला. (पुरातन वस्तू दुरुस्त करायला तीन सह्या लागतात, पाडायला एकही लागत नाही.) तांबटाला बोलावलं. त्याने आतून हळूहळू ठोकून पोचा काढला, हात पुसले, समोर आलेला चहा निवायला ठेवला आणि विचारलं, "बाई, ह्याचं झाकण कुठंय?"

"कसलं झाकण?"

"ते काय समोर!"

समोरच्या कपाटात 'सूर्यचकती, धार्मिक विधीसाठी' होती. तिच्यावरही तीच पाच चिन्हं आहेत, हे केंद्राला ठाऊक होतं. त्यावरून स्तोत्र लोकप्रिय असल्याचं सिद्धही झालं होतं. तांबटाने चकती उचलली, चिन्हासमोर चिन्ह आणलं आणि दाबली. झाकण घट्ट बसलं.

"लांबच्या गिऱ्हाइकाला माल धाडताना झाकणं वेगळी रचतात, जागा वाचते. हाताने ठोकलेलं झाकण दुसऱ्या हंड्याला बसत नाही. म्हणून जोडीवर एकच खूण. आम्हीपण करतो."

"म्हणजे हे स्तोत्र नाही?"

"स्तोत्र म्हणा की! झाकण बसल्याशी कारण."

घरी येऊन बाई ढसाढसा रडल्या. त्यांच्या आईने छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली होती. ती शांतपणे म्हणाली, "खरं ते छापून टाक."

"अगं आई, हसं होईल माझं!"

"तळटीप टाक. तळटीप कोणी वाचत नाही, बाळा."

बाई प्रामाणिक होत्या आणि घाबरलेल्याही. पान ७४१ वर त्यांनी तळटीप दिली : 'सदर चिन्हे ही हंडा व झाकण यांची जोडखूण असून प्रस्तुत ग्रंथाचे प्रतिपादन चुकीचे आहे.'

मग त्या बोभाट्याची वाट पाहू लागल्या. अकरा परीक्षणं आली, दोन पुरस्कार मिळाले, तिसरी आवृत्ती निघाली. सुरुवातीला प्रत्येक परीक्षणात बाई आधी ७४१ हा आकडा शोधत; तो कुठेच नसे. पुढे पुढे त्यांना राग येऊ लागला. भेटप्रत पाठवलेल्या तांबटाचं तेवढं पोस्टकार्ड आलं : 'पान ७४१ बरोबर आहे. बाकीचं जमलं नाही.' ते कार्ड बाईंनी पुरस्कारांच्या शेजारी ठेवलं आहे.

ग्रंथाची एक प्रत तुमच्याही कपाटात आहे. परवा पाहुण्यांना तुम्ही "अप्रतिम आहे, जरूर वाचा" असं सांगितलंतसुद्धा. चार हजार वर्षांपूर्वीची ती पाच चिन्हं एका तांबटाने चहा निवायच्या आत वाचली. तळटीप मात्र स्वच्छ मराठीत असल्यामुळे ती वाचली जायला अजून बराच काळ लागेल, असा केंद्राचा अंदाज आहे.